पाहुण्यापुरता पंखा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच नाही — तिला कुठल्या तोंडानं सांगणार? तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या भाजी घेताना समोर येणार नाही. एवढंच कारण. मन हलकं करायला वगैरे नाही हं. ते हलकं होण्यातलं नाही.

थांबा, नीट सांगते. नाहीतर मी नेहमीसारखी नुसती गोल गोल फिरत बसेन.

मी सोलापूरची. एका संस्थेत नोकरी करते — नाव नको. इथला उन्हाळा आता काय झालाय ते वेगळं सांगायला नको. मार्चातच डांबर चपलेला चिकटतं. तर आमच्या संस्थेनं गरीब वस्त्यांसाठी एक काम हातात घेतलं होतं. पत्र्याच्या घरांवर पांढरा रंग मारायचा, ऊन परतवणारा. त्यानं आतली धग कमी होते, हे खरं आहे, मी पत्र्याला खालून हात लावून बघितलंय. पण रंग सगळ्यांना पुरणार नव्हता. म्हणून सर्व्हे. ज्या गल्लीला उन्हाचा धोका जास्त, तिला आधी रंग. वशिल्याचं नको, न्यायाचं व्हावं, म्हणून सगळं फॉर्मवर — छप्पर कशाचं, खिडक्या किती, म्हातारं माणूस आहे का, पंखा आहे का, चालू असतो का. उत्तरांना गुण, गुणांवर यादी. फॉर्म बनवणारी माणसं वाईट नव्हती हो, भलीच होती. फक्त त्यांच्यातल्या कुणाच्या घरात बिड्या वळल्या जात नव्हत्या.

माझ्या घरात जात होत्या.

हेही ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात डबा खाताना कुणीतरी विचारलं, आई काय करते? मी म्हणाले, घरीच असते. खोटं कुठं होतं? घरीच असायची की! मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री — सगळा जन्म घरीच. आम्ही घरात तेलुगू बोलणारी माणसं. वडील चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर, आई बिड्यांवर, आणि त्या दोघांच्या जिवावर मी शिकले. शिकून पहिली गोष्ट काय केली, तर अंगाला येणारा तंबाखूचा वास लपवला. लाज वाटते का आता? वाटते. पण आत्ता वाटून काय उपयोग.

तर पंखा. बिडी वळणाऱ्या घरात दिवसा पंखा लागत नाही. पंखा असतो, वीज असते, बटणही असतं — पण लागत नाही. वाऱ्यानं तंबाखू उडते. भिजवलेलं तेंदूचं पान सुकतं, कडक होतं, वळताना फाटतं, आणि संध्याकाळी बिडी कारखान्यात माल तपासणारा चेकर तसल्या बिड्या बाजूला फेकतो. दिवसभराची मेहनत पाण्यात. मी सात-आठ वर्षांची असताना उकडतंय म्हणून एकदा बटण दाबलं होतं. सूपभर तंबाखू घरभर झाली. आईनं पाठीत असा धपाटा घातला की बास! आणि मग तीच रडायला लागली. मे महिना होता, डोक्यावर पत्रा. त्याच उन्हाळ्यात ती एकदा वळता वळता आडवी झाली होती. शेजारणीनं तोंडावर पाणी मारून तिला उठवलं. म्हणजे बघा — पंख्याचं मला माहीत होतं. माणूस आडवं होतं, हेही माहीत होतं. 'मला कल्पना नव्हती' म्हणायची सोय माझ्यापाशी नाही.

आणखीही एक माहीत होतं. पाहुणा आला की पंखा लावतात. हातात फाईल घेतलेलं माणूस दारात दिसलं की बाई सुपावर फडकं टाकते, पानं ओल्या गोणपाटात गुंडाळते, गुडघ्यावर हात देऊन उठते आणि बटण दाबते. आपलं आपण उकाड्यात बसू, पण आलेल्याला कसं बसवायचं? माणूस उंबरा ओलांडून गेलं की बंद. त्यामुळं सर्व्हेवाल्याला त्या गल्लीत घरोघरी पंखा फिरतानाच दिसतो.

ती गल्ली माझ्याच वाट्याला आली. तिसऱ्या की चौथ्या घरात राजव्वा होती — साठीची, बारीक चणीची, कपाळावर मोठं कुंकू. "बसा की ओ मॅडम, लई ऊन हाय बाहीर," म्हणाली. फडकं टाकलं, पंखा लावला. तिच्या सुनेनं, पद्मानं, पाणी आणलं. माझ्या घामेजल्या मानेवर वारा आला आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं, ते कशाला लपवू? फॉर्म भरता भरता माझा हात खाली पडलेल्या एका पानाकडे गेला. मी ते उचललं, उजेडात धरलं, शिरा बघितल्या आणि बोटांनी फिरवून सरळ केलं. सवय, दुसरं काय. राजव्वा बघत होती. हसली. "तुमच्यात कोण वळतंय व्हय बिड्या?"

मी नाही म्हणाले. पान खाली ठेवलं.

तिला कळलं होतं, असं मला वाटतं. पण घरी आलेल्या माणसाला तोंडावर कोण खोटं पाडणार? मी फॉर्मवर लिहिलं — पंखा आहे, हो. चालू असतो, हो. सगळ्या घरांचं तेच लिहिलं. बाहेर पडून पायरी उतरले तेव्हा मागं बटणाचा टक असा आवाज आला. ऐकला मी तो.

इथवरच झालं असतं तर मी त्याला आळस म्हटलं असतं, विसरणं म्हटलं असतं. पण मला दुरुस्त करायची संधी मिळाली होती. चांगली सरळ, समोरून, प्रश्न विचारून मिळाली होती.

यादी ठरायची बैठक होती. आमचे साहेब पुण्याचे, माणूस सरळ. बैठक सुरू व्हायच्या आधी माझ्या शेजारची म्हणाली, बाई गं, त्या वस्तीत जाऊन आलं की बिडीचा वास दोन दिवस केसांतून जात नाही! सगळे हसले. मीही हसले — मोठ्यानं हसले. मग साहेबांनी कागद पुढं ओढला. ही गल्ली काठावर आहे, म्हणाले. पत्रा आहे, म्हातारी माणसं आहेत, पण सगळ्यांकडे पंखे, आणि दिवसभर चालू? हे बरोबर आहे का? सर्व्हे कुणाचा?

काय बोलायचं होतं? दोन वाक्यं. सर, तिथं बिड्या वळतात. दिवसा पंखा लावता येत नाही. झालं! मला हे कसं माहीत, असं कुणी विचारलंही नसतं. वस्तीत तर मीच गेले होते. पण मला वाटलं, मी तोंड उघडलं की हे सगळे वळून बघतील, आणि बघता बघता माझ्या आईच्या कात्रीनं चिरलेल्या बोटांपर्यंत पोचतील. मी म्हणाले, "माझा सर्व्हे आहे, सर. चालू असतात. मी स्वतः बघितलंय."

'मी स्वतः बघितलंय' — हे कुणी मागितलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

साहेबांनी मान डोलावली आणि गल्ली काठाखाली, यादीबाहेर गेली.

मग एप्रिल लागला. मी सकाळी उठले की आधी मोबाईलवर पारा बघायचे. चढतच होता. दुपारी ऑफिसात गार वाऱ्यात बसून मला घाम फुटायचा. साहेबांची केबिन माझ्या टेबलापासून दहा पावलांवर. दहा पावलं! रोज ठरवायचे, आज सांगते. रोज म्हणायचे, पुढच्या वर्षी त्यांचं नाव पहिलं घालू. असं म्हणत म्हणत मे उजाडला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसात कळलं, त्या गल्लीत उन्हानं एक बाई गेली. माहिती भरून आणायला कुणाला पाठवलं? मलाच. वस्ती माझ्या ओळखीची ना!

घर कुठलं, हे मला गल्लीच्या तोंडाशीच समजलं. पद्मानं सांगितलं — ती रेशनला गेली होती, दुपारी परत आली तर सासू सुपावर वाकलेली. हाक मारली, ओ नाही. अंग तव्यासारखं. रिक्षात घातलं, पण दवाखान्यापर्यंत पोचायच्या आतच संपलं. तंबाखू जराही सांडली नव्हती, पद्मा म्हणाली. तेच ती दोन-तीनदा म्हणाली.

रंग मारला असता तर राजव्वा वाचली असती का? माहीत नाही. हा प्रश्न मी फार कुरवाळलाय, कारण त्याचं उत्तर नसणं माझ्या सोयीचं आहे. ती गल्ली यादीत असायला हवी होती आणि माझ्यामुळं नव्हती, एवढंच मला नक्की माहीत आहे.

निघताना पद्मानं विचारलं, "अक्का, पलीकडच्या गल्लीला रंग मारला की. आमचीच कशी काय ऱ्हायली?"

मी म्हणाले, "ते वरून ठरतं गं."

तिला ते पटलं. उलट माझाच चेहरा बघून म्हणाली, तुमी तरी काय करणार, अक्का. आणि दुखवट्याच्या घरात मला चहा करून दिला. मी तो प्याले.

याला दोन वर्षं झाली. मध्ये साहेब बदलून गेले, मला बढती मिळाली. आता वस्त्यांच्या याद्या माझ्या सहीनं निघतात. यंदाची मागच्या आठवड्यात निघाली. फॉर्म तोच आहे. तो बदलायचा तर का बदलायचा हे सांगावं लागलं असतं, म्हणून मी बदलला नाही. ती गल्ली यंदाही काठावर आली आणि खाली गेली.

राजव्वाच्या जागेवर आता पद्मा बसते. काल दुपारी मी त्या गल्लीवरून रिक्षानं गेले. रिक्षावाल्यानं विचारलं, इथं थांबायचं का. मी म्हणाले, नको, पुढं चला.