न तपासलेली भिंत

“मॅडम को पत्थर से बात करनी आती है, हमसे नहीं,” इक्बालभाई हळूच म्हणाले. ते सुतार. सागवानी मँटेल दोन स्टुलांवर आडवं ठेवून माझ्या ओकेची वाट बघत होते. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि पुढच्या दगडावर एक दिरहमचं नाणं वाजवलं.

ठक. ठक. मग ढब.

अबुधाबीतला व्हिला, आणि हॉलमध्ये शेकोटी. इथे थंडी कुठली, असं सगळेच विचारतात. आत इलेक्ट्रिक हीटर असतो, ज्वाळा खोट्या. गरम हवा मात्र खरी, आणि समोर एसी अठरावर. दगड तापतो, निवतो, पुन्हा तापतो. म्हणून तो भिंतीला पाठभर चिकटलेला लागतो. मागे पोकळी असली की नाण्याचा आवाज बदलतो. मँटेल म्हणजे शेकोटीच्या वर आडवी बसणारी जाड लाकडी फळी. ती एकदा बोल्टने आवळली की आजूबाजूचे दगड काढणं अवघड. म्हणजे बोलायचं ते आत्ताच.

मला तेच जड जातं. साइटवरचं काम तपासायचं माझं; सहसा मी स्नॅग लिस्ट, म्हणजे चुकांची यादी, ईमेलने पाठवून मोकळी होते. पण ती आमच्या साहेबांकडे, प्रधान सरांकडे गेली असती, आणि सरांनी दत्ताकाकांना सगळ्यांसमोर झापलं असतं. दत्ताकाका आमचे गवंडी, संगमेश्वरचे, माझ्या बाबांच्या वयाचे.

“काका, वरच्या तीन ओळी पोकळ वाजतायत.”

“काही होत नाही हो, ताई.”

“एक काढून दाखवा ना.”

त्यांनी छिन्नी घातली. दगड सहज हातात आला. मागे अॅडहेसिव्हचे पाच गोळे. चार कोपऱ्यांत चार, एक मधे. बाकी हवा.

“असं लावत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंत.”

काकांनी ओळंबा घेतला, टोकाला वजन बांधलेली दोरी. भिंतीच्या उघड्या कडेला तो धरला. खाली दोरी भिंतीच्या बोर्डाला टेकली. वर बोटभर अंतर.

“भिंतच मागे झुकलीय. बोर्डामागची फ्रेम पास केली त्या कागदावर सही तुमची. गोळे देऊन मी दगड सरळ रेषेत आणले. पहिलीच साइट तुमची, उगाच बोलणी कशाला खायची?”

त्या दिवशी मी रुंदी मोजली होती, उंची मोजली होती. ओळंबा कोणाकडे मागायचा, हे विचारायला लाजले होते.

“तो क्या, खलास?” इक्बालभाईंनी बोल्ट परत डब्यात टाकले.

“सगळे दगड काढा,” मी म्हणाले.

पुढे फ्रेम सरळ झाली, दातेरी थापीने पाठभर अॅडहेसिव्ह ओढून दगड पुन्हा बसले. मँटेल दोन दिवस उशिरा लागलं. क्लायंटबाईंनी त्यावर पहिल्यांदा काय ठेवलं असेल, तर एसीचा रिमोट. धडा एवढाच, की नाणं दगडापुरतं; भिंतीला ओळंबाच लागतो.

पण त्याआधी, दगड जमिनीवर मांडलेले असतानाच प्रधान सर दारात उभे राहिले. “दत्ताराम, हे काय चाललंय? परवा हँडओव्हर आहे!”

काका मान खाली घालून म्हणाले, “साहेब, माझंच जरा...”

“सर,” मी म्हणाले, “ही भिंत मी पास केली होती. ओळंबा न लावता.”