म्हशीच्या कपाळावर दाजी

सोलापूरसारख्या तव्यागत सपाट गावात राहून कडे चढायचं ठरवणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. दाजी हायस्कुलात भूगोल शिकवायचे. पंचेचाळिशी उलटलेली, अंगकाठी मिटलेल्या छत्रीसारखी, आणि डोक्यात एकदा काही शिरलं की त्याला बाहेर पडायला दरवाजाच नाही. मागे एकदा त्यांनी डाव्या हातानं लिहायचं ठरवलं, तर फळ्यावरची गंगा वर्षभर पश्चिमेला वाहत होती. पण नकाशा म्हणजे त्यांचा जीव. उजव्या हातानं भारताचा सगळा किनारा ते खडू न उचलता काढत, आणि कन्याकुमारीशी आल्यावर जरा थांबून वर्गाकडे बघत, आपणच तो देश घडवल्यासारखे.

हे चढायचं खूळ सुरू झालं ते आठवीच्या वर्गात. सह्याद्री चालू होता. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, तुमी सोता कुटला डोंगर चढलाय?" दाजींनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. शाळेच्या गच्चीची शिडी सोडून काही आठवेना. त्यांनी तेच सांगितलं आणि वर्ग तास संपेपर्यंत हसला. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायची. रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, "पुढच्या जूनच्या आत एक खरा कडा चढणार. न्हाय जमलं तर भूगोल सोडणार, हेडमास्तरांकडून इतिहास मागून घेणार. इतिहासाच्या मास्तराला कुणी विचारत न्हाय, पानिपतावर तुमी कुटं उभे होता म्हणून." अक्का म्हणाली, "भाकरी गार होतीय." पण मी दाजींचा चेहरा बघितला. ते चेष्टा करत नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत ते पुण्याला गेले आणि कॉलेजातल्या गिर्यारोहक पोरांमागे सिंहगडावर हिंडून दोराच्या चार गाठी आणि एक लंगडा पाय घेऊन आले. मग सामानाची निवड सुरू झाली. बुटांच्या दुकानात लोक बूट घालून चालून बघतात. दाजी बूट घालून दुकानाच्या खांबावर चढून बघत. कातडी बूट घसरले, रबरी चपला तुटल्या, आणि शेवटी पांढरे कॅनव्हासचे पीटीचे बूट खांबाला चिकटले, तेही एक नंबर लहान घेतल्यावर. "बोटं दगडाला कळली पाहिजेत," असं त्यांचं म्हणणं. घरी येताना ते अनवाणी यायचे, कारण त्या बुटात चालता येत नव्हतं, फक्त चढता येत होतं. दोराचं प्रकरण याहून अवघड. मंगळवार पेठेतल्या दोरवाल्यानं विचारलं, "काय बांधायचंय मास्तर, बैल का म्हैस?" दाजी म्हणाले, "मी. उंचावरनं सुटलो तर तुटायला नको." दोरवाल्यानं त्या दिवशी दोर विकलाच नाही. उलट संध्याकाळी घरी येऊन अक्काला हळूच म्हणाला, "वैनी, मास्तरांकडं जरा ध्यान असू द्या. घरात काय झालंय का?" अक्का आठवडाभर त्यांच्याशी फार गोड वागली. हा सगळा फायदा घेऊन झाल्यावर दाजींनी तिला खरं काय ते सांगितलं.

दोराची परीक्षा अंगणातल्या कडुलिंबावर झाली. फांदीवरून ज्वारीचं पोतं बांधून सोडायचं आणि दोर टिकतो का बघायचं. काथ्या टिकला नाही, सूत टिकलं नाही, अक्काची सहनशक्तीही टिकली नाही. मालदांडी ज्वारी अंगणभर झाली आणि गल्लीतल्या कोंबड्या महिनाभर आमच्याकडे मुक्कामाला होत्या. अखेर मुंबईहून नायलॉनचा जाड दोर आला. पोतं सोडलं, दोर जरा ताणला आणि पोतं अलगद झुलत राहिलं. दाजींनी दोरावरून हात फिरवला. "नापास झालो तर याच्यावर धुणं वाळत घाला," ते म्हणाले. "घालणारच," अक्का म्हणाली.

सरावाला त्यांनी घर कामाला लावलं. सकाळी दाराच्या चौकटीला बोटांनी लोंबकळायचं, त्यामुळे दूधवाला बाहेरूनच परत जाई. न्हाणीपुढे एका पायावर उभं राहायचं. बोटांत बळ यावं म्हणून भाकरीचं पीठ मळायचं आणि भाकऱ्याही थापायच्या. या एका गोष्टीवर अक्काची तक्रार नव्हती. "डोंगर चढोत न चढोत," ती मला म्हणाली, "भाकरी आता माझ्यापरीस बरी करतात." आणि दर रविवारी विजापूर रस्त्यावरची पडीक खाण. मी वर उभी राहायची, कमरेला जुनी चादर गुंडाळून तिच्यावरून दोर घेतलेला, आणि मी स्वतः मागच्या बाभळीला बांधलेली. दोराचं दुसरं टोक कमरेला बांधून खालून दाजी चढायचे. मलाच का निवडलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "सुमन, तुझं वजन आणि तुझं मत, दोन्ही हलत न्हाईत." मी हे कौतुक समजून घेतलं.

खाणीत शेळ्या चारणारा एक म्हातारा असायचा. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "वर काय हाय?" दाजी म्हणाले, "काही न्हाय." "मग?" दाजींनी पुढचा दगड धरला.

घोळ झाला तो शब्दांचा. दोर घट्ट करायचा तर "ओढ" आणि सैल करायचा तर "सोड", असं ठरलेलं. आता आपल्याकडे "ओढ" कोण म्हणतं? सगळे "ओड"च म्हणतात. दाजी अर्ध्यात होते, बाजूला पाऊल टाकायला त्यांना दोर सैल हवा होता. ते ओरडले, "सोड!" मला ऐकू आलं "ओड". मी जीव खाऊन ओढलं. दाजी दगडावरून उपटले गेले आणि विहिरीतल्या बादलीसारखे गोल फिरत लटकले. तिथूनच त्यांनी मला व्याकरण शिकवलं. आमचं माहेर अक्कलकोटकडचं, म्हणून पुढच्या रविवारी कानडी वापरून पाहिली: धरायला "हिडी", सोडायला "बिडी". दाजी दोन-तीनदा "बिडी! बिडी!" ओरडले, तेव्हा शेळ्यावाला म्हातारा कष्टानं वर आला आणि माझ्या हातात एक बिडी ठेवून म्हणाला, "द्या त्यास्नी. लई वेळ मागायलेत."

शेवटी अक्कानंच तोड काढली. "पंगतीत कदी घोळ होतो का? सैल पायजे तर 'वाढ' म्हणा. हाय तितकाच दोर ठेवायचा असंल तर 'पुरे'." तेव्हापासून आम्ही दगडावर पंगत मांडली आणि पुन्हा चूक झाली नाही.

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली तेव्हा आम्ही बार्शीच्या पुढे बालाघाटात गेलो. तिथल्या एका काळ्या कड्याला लोक म्हशीचं कपाळ म्हणतात. मी मागच्या पाऊलवाटेनं वर जाऊन झाडाला स्वतःला बांधून घेतलं. अक्का खाली डबा घेऊन बसली. कडेच्या पलीकडचं मला काही दिसत नव्हतं; दाजी म्हणजे माझ्या हातातला दोर आणि खालून येणारा आवाज, एवढंच. दोर येत होता, मी गोळा करत होते. मग आवाज आला, "पुरे!" मी थांबले. दोरही थांबला. ऊन चढलं, हाताला घाम सुटला, दोर हलेना. परत आवाज आला, पण बारीक. "सुमन, पुरे. पुरे झालं." हा दोराचा पुरे नव्हता. हा पोट भरल्यावरचा होता. "फुगवट्याच्या पुढं हात पोचत न्हाय. उतरव मला. इतिहास काय वाईट न्हाय."

उतरवायला मी हात सैल करणार, तोच खालून अक्काचा आवाज आला. लग्नाच्या पंगतीत ती पोळ्यांचं ताट घेऊन फिरताना काढते, तोच.

"अहो, असं कसं पुरे? अर्धी तरी घ्या की!"

आधी दोर हलला. मला वाटलं, दाजी सुटले. मग कळलं, ते हसतायत. हसणं माझ्या कमरेपाशी आधी आलं आणि कानाला नंतर. मग खणखणीत हाक आली, "वाढ!" मी हातभर दोर सोडला. डावीकडे, फुगवट्याच्या बाजूनं, खरखर झाली, धाप ऐकू आली, आणि जरा वेळानं कड्याच्या काठावर पिठासारखी पांढरी दहा बोटं उगवली. वर आल्यावर दाजींनी सगळीकडे बघून घेतलं, आणि बोटानं हवेत एक रेघ काढली, खडू न उचलता.

जूनमध्ये ते ताठ मानेनं आठवीच्या नव्या वर्गावर गेले. सह्याद्री शिकवला, मुद्दाम सावकाश. कुणी काहीच विचारलं नाही. ती मुलगी नववीत गेली होती. भूगोल मात्र निवृत्तीपर्यंत त्यांच्याकडेच राहिला.

आता दाजी थकलेत. दोर अंगणात आहे, त्यावर धुणं वाळतं. पास होऊनही अक्कानं तो सोडला नाही. मी गेले की आम्ही तिघं जेवायला बसतो. हल्ली दुसऱ्याच भाकरीला दाजी ताटावर हात आडवा धरतात आणि म्हणतात, "पुरे." अक्का तोच आवाज काढते, "अर्धी तरी घ्या की." मी तेव्हा ताटाकडे बघत नाही. त्यांच्या हाताकडे बघते, बाजूला सरकतो का ते.