धम्मानंदचा निळा

धम्मानंद आमच्या घराच्या वरच्या खोल्यांत भाड्यानं राहायचा, एवढंच मी खात्रीनं सांगू शकतो. तो मूळचा कुठला, किती शिकला, फ्लेक्सच्या धंद्यात कसा आला, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. हिवाळ्यात, मी मुलीकडे असताना, तो अचानक वारला. आता त्याचा भाऊ सुगत म्हणतो, भीमजयंतीच्या स्मरणिकेत काकांनी दादावर एक पान लिहावं. मी मालगाडीचा गार्ड होतो. शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून नोकरी काढली, त्यामुळे बोलण्याचीही सवय कमी आणि लिहिण्याची तर नाहीच. मला एकच हकिगत नीट माहीत आहे, मॉनिटरची. तीसुद्धा नीट म्हणजे किती, ते पुढे दिसेलच.

धम्मानंद घरी बसून संगणकावर बॅनर तयार करायचा. वाढदिवस, लग्न, दुकानाचं उद्घाटन, जे येईल ते. तयार झालं की परभणीच्या छापखान्याला पाठवायचा आणि छापलेली गुंडाळी संध्याकाळच्या गाडीनं आमच्या पूर्णेला यायची. त्याच्या दृष्टीनं वर्षाचं मोठं काम एकच, भीमजयंतीचे बॅनर. एका वर्षी ते छापून आले आणि निळ्याचा जांभळा झालेला निघाला. दुसरे छापायला वेळ नव्हता. तेच बांधले. समितीचे अध्यक्ष तात्याराव चौकात सगळ्यांसमोर म्हणाले, "धम्मा, हे वांग्याचं शेत कुठून आणलास रे?" सगळे हसले, तोही हसला. पण त्याची बायको मनिषा नंतर मला म्हणाली की त्या दिवशी तो मिरवणुकीला गेलाच नाही.

पुढच्या वर्षी तात्यारावांनी स्पष्ट सांगितलं, आणखी एकदा तुलाच देतो, पण पुन्हा जांभळा आला तर काम नांदेडला जाईल. दोष जुन्या मॉनिटरचा आहे असं धम्मानंदनं ठरवलं. नवा घ्यायचा, पण घरात एकच येणार. त्यावर दिवसा त्याचं काम, संध्याकाळी सुगतचे गेम आणि रविवारी मनिषा अन् तिच्या मैत्रिणींचा सिनेमा.

निवडायला तो मला घेऊन गेला. का, तर रेल्वेत आमच्या डोळ्यांची रंगांची परीक्षा व्हायची, हे मी कधीतरी बोललो होतो. "काका, तुमच्या डोळ्यांना सरकारी शिक्का हाय," तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, डाव्याचं व्हायचंय. तो म्हणाला, "एक तर हाय ना चांगला."

निघताना मनिषा जिन्यातून म्हणाली, "वाकडा पडदा आणू नका. आमी चौघी बसतो, कडेच्या बाईला काहीच दिसत न्हाई." सुगत मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, त्याला एकशे चव्वेचाळीस हर्ट्झचाच घ्यायला लावा." हर्ट्झ म्हणजे काय, ते मी गाडीत बसेपर्यंत विसरलो होतो.

परभणीच्या दुकानात नीलम नावाची मुलगी माल दाखवत होती. धम्मानंदनं तिघांची कामं सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तीन घेऊन जा."

"एकच घ्यायचाय, ताई."

"गेमला वेगवान लागतो. सिनेमाला काळा रंग गडद लागतो. तुमच्या कामाला रंग खरा लागतो. एकात घेतलं तर सगळं थोडं थोडं मिळंल."

धम्मानंदनं खिशातून कापडाची पट्टी काढली. जयंतीच्या झेंड्यांचं कापड, त्या ठाणातला तुकडा. प्रत्येक पडद्यावर त्यानं तिला निळा रंग आणायला लावला आणि शेजारी पट्टी धरली. "काका, बघा."

मी पाहिलं. उजव्या डोळ्यानं निळा लखलखीत दिसला. डाव्यानं तोच निळा मळकट, चहा सांडल्यासारखा. पट्टीचंही तसंच. म्हणजे जुळतं तेव्हा दोन्ही डोळ्यांना जुळायला हवं, असं मी मनाशी ठरवलं, पण एका पडद्याला उजवा डोळा हो म्हणे, तर दुसऱ्याला डावा. आळीपाळीनं डोळे मिटताना मला पाहून नीलम म्हणाली, "आजोबा, कुणाला डोळा मारायलात?" मला इतकं अवघडल्यासारखं झालं की पुढचा जो पडदा समोर आला त्याला मी "हा बरा आहे" म्हणून टाकलं. धम्मानंदनं तोच घेतला. सपाट होता आणि हर्ट्झही पुरेसे निघाले, हे नशीब.

परतीच्या गाडीत एका म्हाताऱ्यानं खोक्याकडे पाहून विचारलं, "टीव्ही का?" धम्मानंद म्हणाला, "न्हाई, मॉनिटर." म्हातारा म्हणाला, "म्हंजे टीव्हीच की."

घरी तोच निळा वेगळा दिसायला लागला. त्या मॉनिटरला कामाचा, गेमचा आणि सिनेमाचा असे तीन प्रकार होते. बटण दाबलं की रंग बदलायचा. सुगत गेमचा लावून उठायचा, मनिषा सिनेमाचा. सिनेमाच्या प्रकारात सगळं जरा तांबूस व्हायचं. बॅनर पाठवायचा तो सोमवार. आदल्या दिवशी बायकांचा सिनेमा झाला होता आणि बटण तसंच राहिलं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. धम्मानंदला निळ्यात लाली दिसली. त्यानं ती काढत काढत पट्टीशी जुळवलं आणि मला वर हाक मारली. मी आधी उजव्या डोळ्यानं पाहिलं, मग डाव्यानं, आणि खरं तेच सांगितलं, की मला कळत नाही. तो म्हणाला, "मलाबी कळंना." आणि पाठवून दिलं. बटणाचा घोळ त्याला पाठवल्यावर समजला. त्या दिवशी तो जेवला नाही, असं मनिषा म्हणाली.

संध्याकाळी गुंडाळी आली. स्टेशनबाहेरच त्यानं सोडली. तात्याराव आले होते. बॅनर निळा होता. पट्टी ठेवली तर कुठं ठेवली ते शोधावं लागावं इतका. तात्याराव म्हणाले, "आता जमलं गड्या." त्या वर्षी धम्मानंद मिरवणुकीत पुढे होता. मी गच्चीवरून पाहिलं.

पण कसं जमलं, ते त्याला शेवटपर्यंत समजलं नाही. त्यामुळे त्यानं मॉनिटर सिनेमाच्या प्रकारावरच ठेवला आणि बटणावर चिकटपट्टी लावली. सुगत म्हणायचा, अंधारातला शत्रू दिसत नाही, मी सारखा मरायलोय. धम्मानंद म्हणायचा, मर.

दिवाळीनंतर डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी मुलीकडे निघालो. सकाळी धम्मानंद खाली नळावर बादली भरत होता.

"काका, दुसरा डोळा झाला की वर या. दोन्ही डोळ्यांनी बघून सांगा एकदा, खरा निळा कसा दिसायलाय."

"येतो," मी म्हणालो. "आधी नळ बंद कर, पाणी वाहायलंय."