खांबातले बिऱ्हाडकरू

जमिनीला कान लावून बातम्या ऐकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लोक सकाळी रेडिओ लावत, मामा शेडमध्ये कोंबड्यांखाली अंथरलेलं भाताचं तूस ऐकत. केडगावाबाहेर त्यांचं शेड होतं. गावातलं घर भाऊबंदांनी गिळलं तेव्हा शेडलगतच्या खाद्याच्या खोलीत खाट टाकून ते राहायला आले, ते पंधरा वर्षं तिथंच. खाटेचे चारही पाय पाण्याच्या डब्यांत. पाहुणा निघाला की त्याच्या पँटच्या दुमडी मामा स्वतः वाकून झटकत. मला बरेच दिवस हा जावयाचा मान वाटत होता.

हे सगळं एका किड्यापायी. मसुराच्या दाण्याएवढा, पॉलिश केलेल्या बुटासारखा काळा. एका दुपारी पडदे पाडलेल्या शेडमध्ये मामांनी मला तुसावर आडवं केलं. ऑफिसला घालायची एकुलती एक चांगली पँट माझ्या अंगात होती. आधी काहीच ऐकू येईना. मग वाळक्या पानांवर कुणी चिमटीनं मीठ सोडतंय, असा आवाज सगळीकडून यायला लागला. जमीन काहीतरी चघळत होती. मामांनी ओंजळभर तूस उचलून बॅटरी मारली. ओंजळ हलली, आणि बघता बघता सगळे किडे तुसाच्या पोटात बुडाले.

"उजेड सोसत न्हाई त्यास्नी," मामा म्हणाले. "वर कोंबडीची ऊब, सांडल्यालं खाद्य, आन् अंधार. जनावरांचं डॉक्टर म्हणत व्हते, हे आपल्याकडचं न्हाईत, आफ्रिकेकडनं आल्यात. म्हनलं, ऱ्हाऊ द्या. मला तरी गावानं कुठं ठिवलं?"

त्याच दिवशी कोपऱ्यात एक कोंबडी निजलेली दिसली. पिसं जागच्या जागी, मान मुडपलेली. मामांनी ती उचलली तर कागदासारखी हलकी. "काल सांजच्याला मेली आसंल," ते म्हणाले. तिच्या खालची जमीन अजून हलत होती. मी धीराचा माणूस आहे, पण त्या रात्री घरी बायकोनं वाढलेल्या मसुराच्या आमटीला मी हात लावला नाही.

खरी भीती मात्र खांबांची होती. या किड्याची पिवळी अळी मोठी झाली की तुसातून निघून लाकडात शिरते. मामांना त्याचं कारण पाठ होतं: "कोषात गेली की तिला हलता येत न्हाई, पाव्हणं. तुसात ऱ्हायली तर भाऊबंदच कुरतडून खात्यात. म्हून बिचारी खांबात बिऱ्हाड करती." हे बोलताना त्यांचा आवाज फार मऊ व्हायचा. अशा बिऱ्हाडांनी सगळे खांब आतून चाळणी झाले होते. टिचकी मारली की भुसा गळायचा. शेड कधीतरी मामांच्या अंगावर बसणार, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यांची एकुलती एक लेक रांजणगावला होती, जावई तिथल्या कंपनीत. ती रडून रडून थकली आणि शेवटी मला वकील नेमलं. मी तीनदा गेलो, तीनदा अंडी घेऊन परत आलो. मामांचं उत्तर ठरलेलं: "खालचे सांगतील तवा निघीन."

चौथ्यांदा गेलो तेव्हा कडाक्याची थंडी होती. आदल्याच दिवशी कोंबड्यांची सगळी बॅच विकली गेली होती, आणि सकाळी तूसही खत म्हणून ट्रॉलीत भरून गेलं होतं. एवढं मोठं शेड, आणि आत नुसता गारठा. दिवेलागणीला आम्ही खोलीत चहा पीत बसलो होतो. मला वाटलं, भिंतीवर सावली सरकतेय. पण दिवा तर जागच्या जागी होता. दाराखालून, फटींमधून ते येत होते. धावत नव्हते. देवळात शिरतात तसे, एकामागून एक. मी पाय खाटेवर घेतले. मांडी घालायची म्हणून घेतले, असं मी अजूनही सांगतो.

मामांनी वाकून खाटेखाली पाहिलं. डब्यांच्या कडांवर काळी कडी जमत होती.

"कोंबड्या गेल्या," ते म्हणाले. "आता ऊब कुठं उरली, पाव्हणं? माझ्यातच की."

मग त्यांनी कप खाली ठेवला. "स्कूटरीत पेट्रोल हाय का?"

पंधरा वर्षांचा संसार एका पिशवीत आला. आणि पावसाळ्यात, खाली कुणीच नसताना, शेड बसलं.

रांजणगावच्या घरात फरशी होती, ट्यूबलाइट होती, आणि कान लावण्याजोगं काहीच नव्हतं. मामा गप्प गप्प झाले. नातवंडांना वाटे, आजोबा नीट ऐकू येत नाही म्हणून मान तिरकी करतात. त्यांच्या शेवटच्या वर्षी मी भेटायला गेलो तेव्हा ते उंबऱ्यापाशी बसून दाराच्या चौकटीला कान लावून होते. शेडचा एक धड वासा त्यांनी हट्टानं आणवून त्या चौकटीत बसवून घेतला होता.

"एक हाय," ते कुजबुजले. "पोरीला सांगू नगा. एकटाच हाय. खायाला भाऊबंद न्हाईत त्याला." सरकून त्यांनी मला जागा दिली. "ऐका की."

मी गुडघे मोडून बसलो, कान लावला. लाकूड थंड होतं, आणि आत काहीच नव्हतं. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हाय," मी म्हणालो. "चांगला मजेत हाय."