जिजीचं बिल बनत नव्हतं

जिजीला बसलेलं मी कधी पाहिलंच नाही. जेवायचीसुद्धा उभ्याने, ताट गिरणीच्या ओट्यावर ठेवून, एक नजर रस्त्यावर. रनाळ्यात आमच्या घराला लागूनच तिची पिठाची गिरणी आणि मिरची कांडप. नात्याने आमची कुणी नाही, पण सगळ्या गल्लीची जिजी. कुणी म्हणालं, "जिजी, बठ ना जराशी," की उत्तर ठरलेलं: "मरसू तवय बठसू ना!" आणि लगेच चाळणी घेऊन पलीकडे पसार.

खरी घाई मात्र पैसे देण्याची. दूधवाला सायकलवरून उतरतो न उतरतो तोच त्याच्या हातात पैसे, तेही पुढच्या महिन्याचे. विजेचं बिल आलं की पिठाच्या हातांनी तशीच निघायची. "देनं शे ना, मंग आतेच दी टाक. नहीतं जेवण गोड लागस नही." यामागचं कारण तिने एकदाच सांगितलं. तिच्या वडिलांच्या दहाव्याला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना तेलवाला दारात येऊन उभा राहिला आणि चारचौघांत उधारी मागितली. रक्कम किरकोळ होती, पण तिच्या आईने खाली घातलेली मान पुन्हा वर केली नाही. "मन्हा दारशी तसं कोनी येवाले नको, पोरी," एवढं बोलून जिजी मिरच्यांचं पोतं ओढायला लागली.

मी नंदुरबारला बँकेत लागले आणि नव्या उत्साहात पहिलं क्रेडिट कार्ड जिजीला काढून दिलं. लिमिट आपली नावापुरती. गिरणीचे पट्टे, बेअरिंग, असलं सामान ती कार्डावर घ्यायची आणि दिवेलागण झाली की फोन घेऊन आमच्या ओट्यावर हजर. "पोरी, भरी टाक."

"अगं जिजी, अजून बिलच बनलं नाही! भरायला केवढी मुदत आहे."

"बिलनी वाट कसाले देखू? सामान मीच लिधं ना? माले माहीत शे."

घ्या आता! मी आपली भरून द्यायचे.

एका वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला कांडप यंत्राने मान टाकली. कारागिराने उघडून पाहिलं आणि हात झटकले. पुढच्या हंगामाआधी नवंच घ्यावं लागणार होतं. जिजीच्या गाठीला रोकड कुठली? सगळ्यांना आगाऊ देऊन बसलेली. त्यात तिचा मुलगा सुरतेहून रोज फोन करायला लागला, "आई, पुरे झाली गिरणी, इकडे ये." वरच्या मजल्यावरची त्याची खोली जिजीने पाहिलेली होती. "सुरतले जाईसन मी काय खिडकीमा बठू?" असं तिने मला विचारलं. यंत्राचा दुकानदार कार्डावर हप्ते करून द्यायला तयार होता, पण लिमिट पुरत नव्हती. वाढवून मागितली, तर अर्ज नाकारला गेला.

माझं डोकंच फिरलं. कार्डांचं काम बघणाऱ्या साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, हिच्याइतकं चोख देणारं माणूस दाखवा मला जिल्ह्यात! साहेबांनी शांतपणे स्क्रीन माझ्याकडे वळवली. दर महिन्याच्या बिलात शून्य. "या बाई कार्ड वापरत नाहीत असंच दिसतं हो. बिल बनतं त्या दिवशी बाकीच नसते. देणं दिसलं तर त्या ते कसं फेडतात हे दिसणार ना!" आमच्या गल्लीतला कापडवाला मात्र जांभया देत शेवटच्या तारखेला सगळं बिल भरायचा, आणि त्याची लिमिट वाढत चालली होती.

जिजीला हे सांगितलं तर ती भडकलीच. "म्हंजे उशीर करस तो साव, आन् मी चोर?"

"उशीर नाही गं बाई! बिल तेवढं बनू दे. मग तारखेच्या आत सगळं भर, पैसाही मागे ठेवू नकोस. थोडं थोडं भरून वेळ मारून नेणाऱ्यांना बँकसुद्धा भिते. आणि दर महिन्याला लिमिट काठोकाठ वापरू नकोस."

तिने ऐकलं, पण ते महिने तिने कसे काढले ते मी पाहिलंय. सकाळ-संध्याकाळ भिंतीपलीकडून हाक यायची, "बनं का वं बिल?" झाडलेला ओटा पुन्हा झाडायची. दळणाकडे लक्ष नाही, बायका जाड पिठावरून कुरकुरायला लागल्या. एकदा फोन घेऊन आमच्या पायरीपर्यंत आली आणि स्वतःशीच पुटपुटत परत फिरली. मला हसू यायचं आणि जीवही तुटायचा. बिल बनलं की त्याच दिवशी देवापुढे दिवा लावून ती भरायला लावायची आणि म्हणायची, "सुटनू वं माय!"

पौषात बँकेचा निरोप आला: लिमिट वाढवतो आहोत, संमती द्या. मी वाचून दाखवतेय तोवर जिजी माझा हात हलवायला लागली, "हा म्हन, हा म्हन, आतेच!" टेम्पोतून नवं यंत्र आलं, त्याला हळदकुंकू लागलं, आणि तो हंगामभर सगळी गल्ली शिंकत होती. हंगाम उतरला तेव्हा जिजीचे हप्तेही फिटले होते. सुरतेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

त्याच वर्षी श्रावणात जिजी गेली. सकाळी गिरणी उघडली, पट्टा चढवायला हात वर केला आणि गेली. उभ्यानेच.

दहाव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. मला बसवत नव्हतं. सारखं लक्ष दाराकडे. मुलाने मला बाजूला घेतलं, "ताई, आईचं देणं किती असेल?" मी सगळं पाहून ठेवलं होतं. शेवटचं बिल बनलं त्याच दिवशी तिने भरलं होतं. दूधवाल्याकडे तर उलट तिचेच पैसे जमा होते. दार सताड उघडं होतं, पण मागायला कुणीच आलं नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बँकेला अजून कळवायचं राहिलं होतं. निरोप होता: तुमची लिमिट आणखी वाढवायची आहे, संमती आहे का? मला रडूच फुटलं. जिजीच्या दारात आली ती एकटी बँक, आणि तीही द्यायला.