सासूबाईंची मिशी

माझ्या सासूबाईंना मिशी मी लावली. (मुद्दाम नाही, पण लावली मीच!)

आमचं भाजीपाल्याचं शेत वलगावला. सासूबाईंनी अमरावतीत भाजीचं दुकान काढलं आणि पाटीवर स्वतःचा चेहरा हवा म्हणाल्या. फोटो मिळाला मोबाईलमधला, एका लग्नाच्या पंगतीत काढलेला, डोक्यावर झगझगीत दिवा! पाटीवाल्यानं तो पाहून मान हलवली.

"वहिनी, हा ठिपक्यायचा फोटो हाये. पाटीएवढा केला का फाटते. रेघायची व्हेक्टर फाईल आना, मंग हत्तीएवढी करा!"

"मीच करते!" अकोल्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली सून मागे हटते होय?

घरी फोटो मोठा करत गेले. काय गंमत! नाक विरघळलं, नुसते चौकोन उरले. माणूस आतून असा चौकोनी असतो? मग कडा शोधून आपोआप रेघा ओढणारं बटण दाबलं. रंग किती? दोन. क्षणात काळापांढरा, सुबक चेहरा! कितीही ताणा, कडा विळीनं कापल्यासारख्या. मी इतकी हरखले की कडाच बघत बसले. चेहरा बघायचा राहिला!

उद्घाटनाला सासूबाईंच्या भावानं, म्हणजे अकोल्याच्या मामांनी, पाटीवरचं कापड ओढलं. टाळ्या मध्येच थांबल्या. नाकाखालची सावली मशीननं काळ्यात ढकलली होती. झुबकेदार मिशी!

मामांनी तसबिरीपुढं उभं राहावं तसे चपला काढून हात जोडले. "भाऊजी हुबेहूब आले!"

"अबे, मी जित्ता हावो ना!" मागून सासरे ओरडले.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "काहून व, मले मिशी कुठून आली?"

"आई, ती सावली आहे."

"एवढी सावली त चिंचेच्या झाडाची बी पडत नाही!"

पाटीवाल्यानं मिशीवर पांढरा तुकडा डकवला, पण सासूबाईंचं कुतूहल काही झाकलं जाईना. "आता तुहा फोटो टाक त्या मशिनीत. पाहू दे मले, कसं करते ते."

भेंडीच्या टोपल्यावर लॅपटॉप उघडला. सगळे भोवती. बोलता बोलता काढलेला माझा फोटो टाकला, बटण दाबलं. माझे डोळे गेले, नाक गेलं, हनुवटी पांढऱ्यात विरली. पडद्यावर उरलं फक्त उघडं तोंड!

सासूबाईंनी चष्मा पुसून नीट पाहिलं.

"नाही व, मशीन चांगली हाये. मानूस बरोबर वळखते!"