डेल्बर्टच्या डोक्यावरची बटनवाल्यांची टोपी

डेल्बर्ट क्रोगर स्वतःच्याच गावात तोंड लपवून फिरायला लागला, त्याला कारण त्याच्या डोक्यावरची टोपी. टोपी निळी, तिच्यावर चार भोकांचं पांढरंशुभ्र बटन. सेबल ब्लफमध्ये एखादा उघडाबंब किराणा आणायला गेला तर लोक एक वेळ काणाडोळा करतील, पण ही टोपी खपवून घेणार नाहीत. बटन हे नदीपलीकडच्या पोर्ट एमेटचं चिन्ह. तिथे पूर्वी शिंपल्यांची बटनं करायचे, म्हणून त्यांचा बेसबॉलचा संघ बटनवाले. आमचा संघ पाणउंदीर. हे नाव कुणी आणि कुठल्या अवस्थेत ठेवलं ते विचारू नका. आम्हाला त्याचा अभिमान आहे.

डेल्बर्टने उभं आयुष्य शाळेची पिवळी बस चालवली. सामन्याच्या दिवशी बसमधल्या पोरांनी पाणउंदरांच्या नावाने घसा फोडून ओरडल्याशिवाय तो गिअर टाकायचा नाही. एकूण सरळ माणूस. वाकडं पाऊल एकदाच पडलं: बायको पुलापलीकडची केली.

लवॉन त्याला पहिल्यांदा दिसली ती सामन्यातच. कठड्यावरून अर्धी बाहेर लोंबकळत ती पंचाला विचारत होती, "तुझा चष्मा आईकडे विसरलास का रे?" डेल्बर्टला तिचा आवाज फार आवडला. ती आपल्याविरुद्ध ओरडते आहे हे लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

लग्नाच्या जेवणात दोघांच्या बापांनी बिअरच्या साक्षीने नियम केला. आपसातल्या सामन्यात ज्याचा संघ हरेल, त्याने जोडीदाराच्या संघाची टोपी घालायची, ती थेट दोघांच्या संघांचा पुढचा सामना होईपर्यंत. झोप आणि आंघोळ माफ. चर्चचा प्रश्न आला तेव्हा पाद्रीबाबांनी निवाडा दिला, की प्रार्थनेपुरती टोपी गुडघ्यावर ठेवावी, मात्र चिन्ह वरच्या बाजूला हवं.

दोघांनीही हा नियम प्राणपणाने पाळला. लवॉन पोर्ट एमेटच्या बँकेत खिडकीवर बसायची. एका वर्षी तिने अख्खा हिवाळा पुढे आलेल्या दातांच्या पाणउंदराची टोपी घालून काढला. तिच्याच गावचे लोक तिची खिडकी मोकळी सोडून शेजारच्या रांगेत उभे राहायचे. टोपी हलली नाही. डेल्बर्ट सख्ख्या मावशीच्या दफनाला बटन मिरवत गेला होता. त्यामुळे गेल्या मोसमातला शेवटचा सामना बटनवाल्यांनी जिंकला, तेव्हाही त्याने निमूट मान पुढे केली. एप्रिलमध्ये नवा मोसम सुरू होईपर्यंतचाच प्रश्न होता.

मग हिवाळ्यात लीगवाल्यांना वाढायची हौस आली. चार नवे संघ घेतले, जुने विभाग मोडले आणि नवे पाडले. पूर्व आणि पश्चिम, मधली रेघ म्हणजे आमचीच नदी, मिसिसिपी. बटनवाले पूर्वेत गेले, पाणउंदीर पश्चिमेत. पूल ओलांडून दहा मिनिटांत येणारा शत्रू गेला, आणि ज्यांच्या गावी पोचेपर्यंत बसमध्ये दोनदा झोपून उठावं लागतं असले वाळवंटातले शेजारी आले. पूर्व आणि पश्चिम यापुढे एकमेकांशी खेळणार नव्हते.

डेल्बर्टने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "लवॉन, आपला पुढचा सामना कधी?"

"कधीच नाही."

"मग ही टोपी?"

लवॉन भांडी घासायची थांबली. जिंकलेल्या माणसाला जो आनंद व्हायला हवा, तो तिच्या तोंडावर कुठेच नव्हता. "नियम तो नियम, डेल," ती म्हणाली. "मी हिवाळाभर घातली होती ना?"

मेल्यावर शवपेटीतसुद्धा आपण बटनवाले म्हणूनच पडणार, हे त्याला त्या क्षणी स्पष्ट दिसलं.

मार्चमध्ये लीगने शाळेच्या व्यायामशाळेत लोकांना समजवायला सभा ठेवली. प्रेस्कॉट लुंड नावाचा एक गुळगुळीत तरुण अधिकारी आला होता. त्याने पडद्यावर नकाशा दाखवला. "बघा, विभागांमधली रेघ किती सरळ आलीय!"

"नदी सरळ नाहीये," इर्व सडॉव्स्की म्हणाला. मैदानावर हा डेल्बर्टच्या शेजारी बसणारा जुना मित्र.

"नकाशावर आम्ही ती सरळ केलीय, सर."

तेवढ्यात डेल्बर्ट उभा राहिला. टोपी पाहून प्रेस्कॉटचा चेहरा खुलला. "अरे वा, पोर्ट एमेटहून आलात! पण सर, पूर्वेची सभा पलीकडे आहे, मंगळवारी."

हशा पिकला. डेल्बर्टचे कान लाल झाले. "मी इथलाच आहे, पोरा. ही टोपी माझी नाही."

"मग काढून टाका की."

काढून टाका म्हणे! इतका वेळ सर्वात मोठ्याने हसणारा इर्वच ताडकन उठला. "पुढचा सामना झाल्याशिवाय कशी काढणार? शाळेत गेला होतास ना तू?"

"आम्हाला एक सामना द्या," डेल्बर्ट म्हणाला. "एकच. मोजू नका हवं तर."

प्रेस्कॉटने नियमावली चाळली. पूर्व-पश्चिम सामना होऊ शकतो, असं त्याने सांगितलं; दोन्ही संघ अंतिम फेरीत आले तर. यावर पुन्हा हशा झाला, पण तो फार केविलवाणा होता. पाणउंदीर अंतिम फेरीला पोचले होते तेव्हा डेल्बर्टचे वडील अर्ध्या चड्डीत होते.

"लीगतर्फे आम्ही तुम्हाला एक टोपी फुकट देऊ शकतो," प्रेस्कॉट शेवटी म्हणाला.

"टोपी आहे मला," डेल्बर्ट म्हणाला आणि खाली बसला.

मोसम सुरू झाला. मैदानावर इर्व एक खुर्ची सोडून बसू लागला. "तुझ्यावर राग नाही रे," तो म्हणायचा, "पण टीव्हीवाले इकडे कॅमेरा फिरवतात." समोर खेळायला येणारे कोण, त्यांना शिव्या काय द्यायच्या, काही कळेना. इर्वने एकदा प्रयत्न केला. "वाळवंटातल्यांनो, तुमच्याकडे... पाणी कमी आहे!" असं ओरडून तो स्वतःच शरमला.

घरात तर त्याहून वाईट होतं. भांडायला विषयच उरला नव्हता. पूर्वी न्याहारीला अंड्याबरोबर टोमणे असायचे. आता डेल्बर्ट म्हणायचा, "मीठ देतेस का, प्लीज?" आणि लवॉन म्हणायची, "हो, घे ना." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर दोघं एकमेकांशी दंतवैद्याच्या दारात बसलेल्या अनोळखी माणसांसारखं बोलायला लागली. एका संध्याकाळी लवॉनने त्याला 'थँक यू' म्हटलं, आणि डेल्बर्ट घाबरला. टोपीचं त्याला आता काहीच वाटत नव्हतं. ही बाई आपल्याशी अशी सभ्यपणाने वागत राहिली तर एक दिवस सभ्यपणाने निघूनही जाईल, असं त्याच्या मनाने घेतलं.

जूनमधल्या एका रविवारी दुपारी वाळवंटातल्या ड्राय फोर्कचा निवडुंग संघ खेळायला आला. डेल्बर्ट ब्राटवुर्स्ट सॉसेजचा पाव हातात धरून नुसताच बसला होता. इतक्यात मागून आवाज आला.

"ए पंच! आज तरी चष्मा आणलास का?"

त्याने वळून पाहिलं. लवॉन पायऱ्या उतरत होती. तिच्या डोक्यावर भगव्या रंगाची टोपी, आणि टोपीवर वीतभर उंच हिरवा कापडी निवडुंग उभा.

"हे काय?" डेल्बर्टने विचारलं.

"मी आज यांच्या बाजूने," ती इर्वने सोडलेल्या खुर्चीत बसत म्हणाली.

"अगं, आणि तुझे बटनवाले?"

"ते माझेच आहेत. ते प्रेमाचे. हे भांडायचे." मग मैदानाकडे तोंड करून ती किंचाळली, "अरे ए सतरा नंबर! नाव काय असेल ते असो, पळ ना मेल्या! समोर उंदीर आहेत, वाघ नाहीत!"

"उंदीर कुणाला म्हणतेस गं?"

"तुझ्या टोळीला! आणि तुला!"

"नदीपलीकडून आलीस ती आलीस, वर आता काटे लावून आलीस होय?" डेल्बर्ट ओरडला. पाव हातातून खाली पडला, त्याचंही त्याला भान राहिलं नाही. शेवटच्या डावापर्यंत दोघं अशी काही कडाकडा भांडली, की पुढच्या रांगेतलं एक कुटुंब उठून दुसरीकडे गेलं. पाणउंदीर अर्थातच हरले.

"झाला पुढचा सामना," म्हणत लवॉनने पुढे होऊन स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावरची बटनवाली टोपी काढली आणि पर्समध्ये ठेवली. मग आपल्या डोक्यावरचा निवडुंग उचलून त्याच्या डोक्यावर बसवला आणि जरा सरळ केला.

"आता याच्या शेजारी बसायचं मी?" इर्व म्हणाला.

डेल्बर्टने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. "पुढच्या आठवड्यात विंचूवाले येताहेत," तो घाबरत घाबरत बायकोला म्हणाला.

"माहितेय. गाडीच्या डिकीत त्यांची टोपी आहे. सगळ्यांच्याच आहेत. तुझ्या विरुद्ध जो येईल, तो माझा."

आपण मरेपर्यंत ही बाई आपल्या विरुद्ध ओरडत राहणार, याची डेल्बर्टला आता खात्री पटली, आणि एवढ्या लोकांत त्याला रडू आवरेना.